मंडणगडचा तलाव : एका दिवसाचा हिशेब

व्यापारी कुटुंबात आठवड्याची सुट्टी एकाच दिवसाची असते आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक असतात. नातेवाइकांकडील कार्यप्रसंग, देवदर्शन, राहून गेलेला रोजमेळ, मुलांच्या परीक्षा या साऱ्यांतून सहा महिन्यांत एखादा दिवस सहलीच्या वाट्याला येतो. त्या एका दिवसात रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला असलेल्या एका डोंगरावरचा तलाव पाहण्यासाठी पहाटे घर सोडावे काय, असा प्रश्न कुणी विचारला, तर उत्साहाच्या भरात होकार देणे किंवा लांबचे आहे म्हणून झटकून टाकणे, ही दोन्ही उत्तरे घाईची ठरतील. पेढीवर माल उचलण्यापूर्वी भाव, वाहतूक आणि घट पाहतात. येथेही तेच करावे लागते.

मंडणगड हा तालुका नकाशावर शोधावा लागतो. उत्तरेला सावित्रीची खाडी व तिच्या पलीकडे रायगड जिल्हा, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला व आग्नेयेला दापोली आणि खेड. कोकण रेल्वे या तालुक्यातून जात नाही. वीर, विन्हेरे, दिवाणखवटी, खेड अशी ती पूर्वेच्या बाजूने निघून जाते. मुंबई-गोवा महामार्गही बाजूलाच राहतो. त्यामुळे कोकणात वर्षानुवर्षे जाणाऱ्या प्रवाशांनीही मंडणगड क्वचितच पाहिलेले असते. गणपतीपुळ्याला जाणारा महामार्गाने पुढे जातो, हर्णै-मुरूडला जाणारा बहुधा खेडवरून दापोलीकडे वळतो. मंडणगडला जायचे तर मुद्दाम जावे लागते, आणि या प्रश्नाचे निम्मे ओझे या ‘मुद्दाम’ शब्दातच आहे.

गाव डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे आणि गावाला नाव देणारा किल्ला माथ्यावर आहे. गावातून माथ्याजवळपर्यंत गाडीरस्ता जातो. वर गणेशाचे मंदिर आहे, एक तोफ आहे, ढासळलेल्या तटाचे अवशेष आहेत आणि तलाव आहे. त्याला थोरला तलाव म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८० सालच्या गॅझेटियरमध्ये या किल्ल्याची नोंद मोठी नेमकी आहे. सुमारे आठ एकरांच्या जागेत तीन भाग : दक्षिणेला दोन तलाव असलेला मूळ मंडणगड, मध्ये परकोट आणि उत्तरेला जांबा. जांब्याचा तलाव त्या वेळीच कोरडा पडलेला होता. लोकपरंपरेने मंडणगड शिवाजी महाराजांचा, परकोट हबशाचा आणि जांबा आंग्र्यांचा, अशी वाटणीही तेथे दिलेली आहे. मात्र गड त्याहून बराच जुना असावा, अशी शंका त्या नोंदकर्त्यालाही आली होती. १८१८ साली कर्नल केनेडीच्या तुकडीने तो घेतला आणि त्यानंतर गडाच्या वाट्याला फारसे कुणी आले नाही.

तीन जलाशयांपैकी दोन भरलेले आणि एक कोरडा, हा तपशील वाचून पुढे सरकण्यासारखा नाही. डोंगराच्या माथ्यावर पाणी टिकणे ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच कोकणातील अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. हे कोडे देशावरच्या माणसाला सुटत नाही. कारण जमिनीत आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपून जाते. तीव्र उतारावरून वाहणारे पाणी काही तासांत ओढ्याला आणि ओढ्यातून खाडीला मिळते. माघ सरेपर्यंत झरे आटू लागतात. अशा मुलखात माथ्यावर जागा हेरून, योग्य खडक निवडून तलाव खोदणारा जो कोणी होता, त्याला पाण्याचा आणि दगडाचा दोन्हींचा स्वभाव ठाऊक होता. किल्ल्यांवर पाण्यासाठी खोदताना निघालेला दगड तटबंदीला वापरण्याची रीत सर्वत्र दिसते. एका खर्चात दोन कामे. शिबंदीला तट नसता तरी काही दिवस निभावले असते, पाण्यावाचून निभावले नसते. ज्या भागाचे पाणी आटले त्या जांब्याकडे आज कोणी वळत नाही आणि ज्याचे टिकले तो अजून ‘थोरला’ म्हणून ओळखला जातो.

आता जे तेथे नाही, तेही सांगितले पाहिजे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची सवय असलेल्या कुटुंबाने येथे तशी अपेक्षा ठेवून येऊ नये. नौका नाहीत, घोडे नाहीत, कणसे भाजणारे नाहीत. तलाव आकारानेही विस्तीर्ण नव्हे. भरभर चालणारा मुलगा त्याला वळसा घालून ‘आता पुढे काय?’ असे विचारू शकतो. या प्रश्नाला ज्या घरात उत्तर नसेल, त्या घराने येथे येण्याचा बेत रद्द करणे शहाणपणाचे. फक्त पाणी पाहायचे असेल तर पुण्याहून पानशेत किंवा मुळशी जवळ आहे, मुंबईहून तर त्याहून जवळ पुष्कळ पाणी आहे.

पण व्यापारी कुळातील माणसाला या डोंगरावर उभे राहून आठवण्यासारखी एक गोष्ट आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत कोणत्या बंदरात कोणता माल उतरतो, कोणता चढतो, वारा कधी अनुकूल, धोका कोठे, हे व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी नोंदलेले आहे. तीत भडोच आहे, कल्याण आहे, चौल म्हणून ओळखले जाणारे सेमिल्ला आहे आणि त्याच्या पुढे ‘मंदगोर’ नावाचे बंदर आहे. हे मंदगोर म्हणजे मंडणगड-बाणकोटचा परिसर, असे जुन्या इंग्रज अभ्यासकांचे मत. राजपुरीच्या खाडीवरील मांदाड म्हणजे मंदगोर, असे इतर अभ्यासकांचे. दोन्ही पक्षांनी आपापले पुरावे मांडले आहेत आणि निवाडा झालेला नाही. पण सावित्रीच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत जात आणि तेथून बैलांच्या पाठीवर माल घाट चढे, एवढे निश्चित. महाडजवळची गांधारपाले लेणी त्याच व्यापारमार्गाच्या काठी कोरलेली आहेत. मंडणगडचा डोंगर या खाडीच्या दक्षिणेला पहाऱ्यासारखा उभा आहे. वर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की किल्ला येथे का बांधला असावा, हे पुस्तकाशिवाय कळते. नाका तेथे उत्पन्न आणि उत्पन्न तेथे पहारा, हे गणित दोन हजार वर्षांत बदललेले नाही.

आता प्रत्यक्ष वेळेचा हिशेब. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावास यायचे, तेथून महामार्गाने लोणेऱ्याच्या बाजूस येऊन आंबेतकडे वळायचे, सावित्रीवरील पूल ओलांडून म्हाप्रळ आणि तेथून मंडणगड. पहाटे पाचला निघालेली गाडी अर्ध्या तासाचा थांबा धरून साडेदहाच्या सुमारास मंडणगडला पोहोचते. वाटेत वळणे पुष्कळ आणि माणगावनंतरचा रस्ता घाई सोसणारा नाही. मुंबईकराचा आकडा याहून फार वेगळा नाही. फक्त महामार्गावरील वाहतुकीवर त्याचे दैव अधिक अवलंबून. गडावर तीन तास, जेवणाला अर्धा तास आणि दोन वाजता परतीला सुरुवात केली तर साडेसात वाजता घर. म्हणजे साडेचौदा तासांच्या दिवसात साडेदहा तास गाडीत आणि अवघे तीन तास गडावर. कोणत्याही पेढीवर असा सौदा ठेवला तर मुनीम चष्मा काढून मालकाकडे पाहील.

आंबेतच्या पुलाचा उल्लेख आला म्हणून सांगायचे : आंबेत हे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांचे गाव आणि हा पूल म्हणजे या तालुक्याचा उत्तरेचा दरवाजा. मध्यंतरी तो दुरुस्तीसाठी वाहतुकीला बंद ठेवावा लागला होता. निघण्याच्या आदल्या दिवशी पुलाची व ताम्हिणी घाटाची चौकशी फोनवरून करणे, हा पाच मिनिटांचा खर्च दिवस वाचवू शकतो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते आणि मग महाडमार्गे फिरून यावे लागते.

महाड, खेड किंवा दापोली येथे राहणाऱ्या कुटुंबांचे गणित मात्र पूर्ण वेगळे आहे. तेथून दीड-दोन तासांत मंडणगड गाठता येते. सकाळचे आवरून निघावे, दुपार गडावर घालवावी आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी जेवायला बसावे. त्यांनी हा तलाव अजून पाहिलेला नसेल, तर त्याला अंतराचे कारण देता येणार नाही.

ऋतूचा विचार जैन घराला दुहेरी करावा लागतो. हा तलाव सर्वांत देखणा दिसतो तो श्रावण-भाद्रपदात. तेव्हा तो काठोकाठ भरलेला असतो, डोंगर हिरवा असतो, ढग पायाखाली येतात. पण तोच चातुर्मास. पायाखाली हिरवळ, तिच्यात सूक्ष्म जीव आणि पायवाटेवर पाणी, अशा दिवसांत हौसेचा प्रवास टाळण्याची शिकवण ज्या घरांत पाळली जाते, त्यांना या दिवसांचा मोह सोडावा लागतो. यात तोटा वाटतो तेवढा नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास संपतो तेव्हा तलावात पाणी भरपूर असते, पायवाटा कोरड्या झालेल्या असतात, शेवाळ वाळलेले असते आणि गवत पिवळे पडू लागलेले असते. कार्तिक अखेरीपासून माघापर्यंतचा काळ या सहलीस सर्वांत योग्य. पुढे ऊन चढते, पाणी उतरते आणि वैशाखात या डोंगरावर जाण्याचा सल्ला कुणाही वडीलधाऱ्यास देता येणार नाही.

मात्र याच दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या कुटुंबाने परतीच्या प्रवासातील साडेपाचचा थांबा आधीच ठरवून ठेवावा. नाहीतर ताम्हिणीच्या वळणांवर सूर्य झाडांआड जातो आणि डबा तसाच राहतो. सकाळी नवकारसी पाळणाऱ्यांना थंडीच्या दिवसांत साडेसातच्या पुढेच काही घेता येते, तोवर गाडी घाट उतरलेली असते. खाखरे, ठेपले, सुकी भाजी असे घरचेच अन्न न्यावे. कांदा, लसूण आणि जमीकंद टाळून स्वयंपाक करून देणारी खानावळ ऐन वेळी सापडेल, या भरवशावर राहू नये. पिण्याचे गाळलेले पाणी घरूनच घ्यावे. तलावाचे पाणी पाहण्यासाठी आहे.

आणखी एक बाब हिशेबात घ्यावी लागते आणि पारडे ती बरीच हलवते. महाराष्ट्रातील बहुतेक किल्ले गुडघे मागतात. घरातील आजोबा-आजींनी शिवाजी महाराजांच्या गोष्टी नातवंडांना जन्मभर सांगितलेल्या असतात. पण स्वतः गड पाहिलेला नसतो. ज्या वयात पाय चालत होते त्या वयात दुकान सोडवत नव्हते, आणि दुकान मुलांच्या हाती दिले तेव्हा पायांनी नकार दिला. मंडणगडावर गाडी माथ्याजवळ जाते. काठी टेकत का होईना, वृद्ध माणूस गणेशाच्या मंदिरापर्यंत आणि तलावाच्या काठापर्यंत येऊ शकतो. तीन पिढ्यांना एकत्र उभे राहता येईल असे गड थोडेच आहेत.

येथे रायगडाचा विचार मनात येणारच. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे, वर गंगासागर तलाव आहे, राजसभा आणि समाधी आहे. ज्या कुटुंबाने रायगड पाहिलेला नाही, त्याने मंडणगडचा विचारही आधी करू नये. त्या एका दिवसावर पहिला हक्क रायगडाचा. पण रविवारी रोपवेच्या रांगेत ज्येष्ठांना ताटकळत उभे करण्याची तयारी हवी. मंडणगडावर रांग नसते. ज्यांचा रायगड झाला आहे आणि ज्यांच्या घरी गर्दी न सोसणारे वडील आहेत, त्यांच्यासाठी दुसरा क्रमांक मंडणगडाला देण्यास हरकत नाही.

पाण्याच्या ओढीने जो निघाला आहे, त्याने महाडमार्गे येताना अर्धा तास चवदार तळ्यापाशी थांबावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले. मुंबई कायदे मंडळाच्या ठरावाने आणि महाड नगरपालिकेच्या निर्णयाने ते तळे आधीच सर्वांना खुले झाले होते, तरी प्रत्यक्षात पाणी घेऊ दिले जात नव्हते. पुढे न्यायालयात दावा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने तो मिटला. दिसायला ते शहराच्या मध्यभागी असलेले एक साधे बांधीव तळे आहे. आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातच आहे. आंबडवेकर या नावातूनच पुढे आंबेडकर हे नाव आले. ज्या मुलांना पाठ्यपुस्तकात चवदार तळे एका ओळीत भेटते, त्यांना मंडणगडचा तलाव, आंबडवे आणि महाड यांचा संबंध एकाच दिवशी दाखवता आला तर गाडीतील साडेदहा तासांपैकी काही तास जमेच्या बाजूला लिहावे लागतील.

पुणे-मुंबईच्या कुटुंबाने मात्र एका दिवसाचा आग्रह सोडून एक मुक्काम जोडावा, असेच सारा ताळा पाहता म्हणावे लागते. मुक्काम जोडला की सगळे आकडे बदलतात. तलाव पाहून दुपारी बाणकोटकडे जावे. सावित्रीच्या मुखावरील हा किल्ला आंग्र्यांच्या ताब्यात असताना हिंमतगड म्हणून ओळखला जाई. १७५५ साली इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. महाबळेश्वरच्या ज्या ऑर्थर सीटवरून सावित्रीचे खोरे दिसते, त्या ऑर्थर मॅलेटची पत्नी आणि तान्हे मूल याच खाडीत बुडाले. महाबळेश्वरला दहा वेळा गेलेल्यांपैकी फार थोड्यांना सावित्रीचे हे दुसरे टोक ठाऊक असते. 

बाणकोटला लागूनच वेळास आहे. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे हे गाव. पण अलीकडे ते कासवांसाठी ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री वाळूत येऊन शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. ती अंडी पूर्वी कुत्री-कोल्ही खात आणि माणसेही पळवीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून अंड्यांचे रक्षण सुरू केले. अंडी हलक्या हाताने उचलून कुंपणातील वाळूत पुन्हा पुरतात. ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि समुद्रात सोडली जातात. जी अंडी विकली जात होती, ती राखण्यासाठी आता तीच किनाऱ्यावरची माणसे रात्र जागवतात. पिल्ले पाहायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरावा लागतो आणि मग तलावातले पाणी थोडे उतरलेले पाहण्याची तयारी ठेवावी लागते. जीवदया शब्दाने शिकवण्यापेक्षा मुलांना एकदा त्या वाळूत शांतपणे उभे करावे. गावात घरगुती मुक्कामाची सोय होते. जेवणातील वर्ज्य पदार्थ आणि सूर्यास्तापूर्वीची वेळ आधी कळवली तर यजमानांची धांदल होत नाही. दुसऱ्या दिवशी वेसवीहून गाडीसह जलवाहतुकीने खाडी ओलांडून बागमांडला गाठता येते आणि हरिहरेश्वर-श्रीवर्धनमार्गे परत फिरता येते, म्हणजे आंबेतचा तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.

तलावाच्या काठाविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. काठावर ओल असेल तेथे लहान मुलांचा हात सोडू नये. पाण्याच्या खोलीचा अंदाज वरून येत नाही आणि मदतीला धावणारे तेथे कुणी असेलच असे नाही. पोहण्याचा मोह तरुणांनीही आवरावा. माशांना बिस्किटे टाकण्याने पुण्य लागत नाही, पाणी मात्र नासते. रिकाम्या बाटल्या आणि फरसाणाची पाकिटे गाडीत परत आणावीत, कारण वर ती उचलणारे कुणी नाही, आणि आठ एकरांच्या माथ्यावर शंभर कुटुंबांचा कचरा लपत नाही.

परतताना मंडणगडच्या बाजारात गाडी थांबवावी. या तालुक्यातील कित्येक घरे मुंबईहून येणाऱ्या पैशांवर चालत आली. एके काळी मनीऑर्डर येई, आता खात्यात जमा होतात. गिऱ्हाईक बाहेरून येण्याची सवय या बाजाराला फारशी नाही. आमसुले, काजू, कुळीथ, हंगाम असेल तर आंब्याची साठे, यांतले काही घ्यावे आणि घासाघीस दुकानदार मंडळींनी येथे तरी थोडी कमी करावी. दुकानदार गडावरच्या पाण्याविषयी विचारले तर हातचे काम थांबवून सांगतो. सूर्यास्ताला वेळ शिल्लक असेल तर ऐकून घ्यावे.